न घेतलेल्या गाडीतली कवळी

गाड्या भाड्याने देणं म्हणजे आरामाचा धंदा वाटतो ना तुम्हाला? मग हे ऐका.

एक साहेब माझी सात सीटर तीन दिवसांसाठी घेऊन गेले. पैसे क्रेडिट कार्डाने भरले, गाडी वेळेवर परत केली. चार दिवसांनी बँकेचा ईमेल आला, की ग्राहक म्हणतोय, मी गाडी घेतलीच नाही! माझ्या खात्यातले पैसे परत त्याच्याकडे. मी करार पाठवला, तर साहेब बँकेला म्हणाले, "ही सही माझी नाही." म्हटलं, वाट लागली.

तेवढ्यात एका बाईंचा फोन. "दादा, तुमच्या गाडीत माझ्या बाबांची कवळी राहिलीय का? बिचारे आठवडाभर पेज पितायत."

नाव विचारलं, तर त्याच साहेबांची बायको! तिला तक्रारीचा पत्ताच नव्हता.

मी म्हटलं, "शोधतो ताई. फक्त गाडी कुणी, कधी नेली, तेवढं लिहून पाठवा."

तिने सगळं लिहिलं, वर फोटोही पाठवला. स्टिअरिंगवर साहेब, मागे बाबा, बत्तीसच्या बत्तीस दात दाखवत. मी ते जसंच्या तसं बँकेला पाठवलं. पैसे परत आले हो!

कवळी सीटखाली सापडली होती. न्यायला ताई आणि बाबा दोघं आले. बाबांनी ती धुऊन तोंडात बसवली आणि खूश होऊन म्हणाले, "झकास गाडी हो तुमची! जावई म्हणाले, फुकटात पडली."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. "फुकटात? कशी?"

मी म्हटलं, "बसा ताई, चहा मागवतो. जरा वेळ लागेल सांगायला."