सुतकात स्वारी नाही

तात्यासाहेब : केशव, हा भिंतीवरचा फोटो माझाच हाय ना रं? मग त्याला हार कुणी घातला?

केशव : तात्या! तुम्ही... अहो, येताना फोन तरी करायचा! हळू बोला. आधी आत या, दार लावतो.

तात्यासाहेब : काका जित्ता हाय का मेला, बघायला तू गावाकडं फिरकत नाहीस, म्हणून मीच आलो. खुलताबादहून फटफटीवर. खाली तुमचा वॉचमन मला बघून बादली टाकून पळाला! काय केलंस तू?

केशव : तेरा दिवसांचाच प्रश्न होता, तात्या. मोबाइलवर एक खेळ आहे, आम्ही चौघं खेळतो. ज्याचं त्याचं राज्य, रोज प्रत्येकाची एकच चाल. शेजारच्या शैलाताईंनी माझ्या राजधानीला वेढा घातला. पुढच्या चालीत सगळं खलास होतं. दोन वर्षं उभारलेलं राज्य!

तात्यासाहेब : अन् म्हणून मी मेलो?

केशव : आमचे नियम आहेत ना. ताईंनीच केलेत. दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये डोकवायचं नाही, तह मोडायचा तर आदल्या दिवशी सांगायचं, आणि ज्याच्या घरी सुतक, त्याच्यावर स्वारी नाही.

तात्यासाहेब : अरं पण मीच का? तुझा सासरा हाय की, माझ्याहून म्हातारा!

केशव : सासऱ्याचं सुतक तीनच दिवस असतं, तात्या. तेवढ्यात फौज उभी राहत नाही. चुलत्याचं पुरतं मिळतं. शिवाय सासरे इथंच गारखेड्यात. रोज सकाळी पिशवी घेऊन दुधाला जाताना दिसतात.

तात्यासाहेब : हिशेब करून मारलंस व्हय रं मला!

(दारावर टकटक.)

शैलाताई : केशव, पिठलं-भाकरी आणलीय. तुमच्याकडे चूल पेटली नसेल... अगंबाई! हे कोण?

केशव : हे... हे तात्यांचे जुळे भाऊ.

तात्यासाहेब : जुळा?

शैलाताई : तेच नाक, तोच गालावरचा मस! अंगावर काटा आला हो. फार वाईट झालं. केशवनं ग्रुपवर लिहिलेलं वाचून आम्ही तिघंही रडलो.

तात्यासाहेब : काय लिवलं यानं?

शैलाताई : दहावीच्या गणिताच्या पेपराला याच्या बाकावर ऊन येत होतं, तर तात्या खिडकीबाहेर छत्री धरून उभे! शिपायानं दोनदा हाकललं. तिसऱ्यांदा त्यांनी शिपायाच्याच हातात छत्री दिली, म्हणाले, धर, मी पाणी पिऊन आलो. आणि शेवटी लिहिलंय, अजूनही अंगावर ऊन आलं की मी खिडकीकडे बघतो. मी जन्मभर शाळेत शिकवलं, पण असा पालक बघितला नाही. वेढा ठेवायचं मनच होईना. फौज नदीपलीकडे माघारी नेली.

तात्यासाहेब : ताई... फौज परत आणा. जुळा-बिळा कुणी नाय. तो मीच. जित्ता हाय.

शैलाताई : काय? धरा, हा डबा धरा आधी, पडेल माझ्या हातून! केशव! काल नातवाचा वाढदिवस होता, तुमच्या दुःखापायी आम्ही गाणीसुद्धा लावली नाहीत! माणूस मारलात तुम्ही, खेळासाठी?

केशव : ताई...

शैलाताई : नियम माहीत आहे ना? खोटं बोलणारा खेळातून बाद. त्याचं राज्य बाकीच्या तिघांत वाटायचं. आजच.

केशव : वाटून घ्या, ताई. पण तात्या गेले एवढंच खोटं लिहिलं. छत्रीचं खरं आहे.

शैलाताई : आणि ते खिडकीकडे बघणं?

केशव : तेही.

तात्यासाहेब : राज्य गेलं तर जाऊ दे रं. पण ते लिवलेलं समद्यांना धाडलंस, मला का नाय धाडलं?