पाटी शेवटी मी उलटली

स्वस्ति श्री सकलपांथजनाश्रय, अतिथिसेवाधुरंधर, टेकडीतळीच्या अष्टशय्यायुक्त अतिथिगृहाचे संस्थापक, संचालक, व्यवस्थापक व (मोलकरीण रजेवर असता) संमार्जक, गुहा-सरोवर-परिसर-विवरणकार, समस्त पंचक्रोशीत 'पंडित' या टोपणनावाने ज्ञात, वय वर्षे त्रेपन्न, धंदा अतिथिगृह चालवणे, राहणार अतिथिगृहाच्याच मागील दोन खोल्यांत. (येथे हवालदारसाहेबांनी "पंडित, लग्नपत्रिका नाही लिहीत आपण" असे म्हटल्याने उर्वरित बिरुदे गाळली आहेत.)

मी समक्ष उपस्थित राहून, कोणाच्याही दडपणाविना सांगतो की,

अतिथिगृह मी व माझी पत्नी असे उभयता चालवतो. उतरणाऱ्या कुटुंबांस दिवसाच्या सहलीकरिता दोन स्थळे उपलब्ध आहेत: टेकडीच्या पोटातील गुहा आणि तिच्या विरुद्ध दिशेचे तळे. तळ्यावर नाव, झोपाळे व अत्यंत कोपिष्ट बदके आहेत. गुहेत अंधार आहे. मुले गुहाच मागतात.

वरच्या धरणाचे पाणी सोडले की ते गुहेच्या आतल्या दालनात भरते, म्हणून त्या दिवशी गुहा बंद असते. यासाठी तिठ्यावर खांबाला दोन कड्यांवर लाकडी पाटी टांगलेली आहे. एका अंगास 'गुहेकडे', दुसऱ्या अंगास 'गुहा आज बंद, तळ्याकडे चला'. पाणी सुटणार असले की गुहेचा राखणदार आम्हांस कळवतो आणि आमच्यापैकी जो मोकळा असेल तो जाऊन पाटी उलटतो. गुहेच्या फाटकास कडी आहे, कुलूप नाही. 'पाटी हेच कुलूप' असे राखणदारास मीच सांगितले होते. वाक्य तेव्हा छान वाटले होते.

घटनेच्या दिवशी सकाळी दाट धुके होते. राखणदाराने फोन करून पत्नीस कळवले की दुपारपूर्वी पाणी सुटेल. ती लगेच जाऊन पाटी उलटून आली. मी त्या सुमारास दूध व पाव घेऊन बाजारातून शेतातल्या पायवाटेने परतत होतो. वाटेत राखणदार सायकलवर भेटला. दुप्पट खात्री असावी म्हणून त्याने मलाही तेच सांगितले, आणि आपले कर्तव्य संपले असे मानून घरी गेला.

सदर पायवाट तिठ्यावर खांबाच्या मागल्या बाजूने निघते. एरवी मी त्या वाटेने येत नाही. पाटी धुक्यातून समोर आली तेव्हा तिच्यावर 'गुहेकडे' असे होते. म्हणजे पत्नीने ती अजून उलटलेली नाही, असा निष्कर्ष काढून मी ती उलटली. मी पाटीची पाठ वाचत होतो, हे माझ्या ध्यानात आले नाही. रस्त्याकडचे तिचे तोंड बरोबर होते. ते मी चुकीचे केले.

घरी आल्यावर मी पत्नीस याबाबत काही बोललो नाही, कारण 'पाटीसुद्धा मलाच उलटावी लागते' हे वाक्य मी रात्रीच्या जेवणासाठी राखून ठेवले होते. तिनेही बहुधा तेच राखून ठेवले होते.

त्या दिवशी आमच्याकडे एक चष्मेवाले गृहस्थ, त्यांच्या मातोश्री व सातएक वर्षांची मुलगी असे तिघे उतरले होते. नाश्त्याच्या वेळी मुलीने विचारले, "काका, आज गुहा की बदकं?"

मी म्हणालो, "पाटी सांगेल तिकडे. आमची पाटी खोटं बोलत नाही."

आजी म्हणाल्या, "बदकंच असू देत बाई. माझे गुडघे गुहेचे नाहीत."

ते निघाले. मी फाटकातून हात हलवला.

दुपारच्या जेवणाची ताटे मांडत असता आजींचा फोन आला. त्या म्हणाल्या, "अहो पंडित, तुमच्या गुहेतून पाणी यायला लागलंय. हे रोज दाखवतात का?"

मी म्हणालो, "आजी, तुम्ही तळ्यावर आहात ना?"

"तळ्यावर कशाला? पाटी गुहेकडे होती! दोघं आत गेलीत. मी बाहेर दगडावर बसलेय. हाका मारतेय, ओ देत नाहीत."

पत्नीने माझ्या हातून फोन घेतला, ऐकला, अग्निशमन दलास कळवले, आणि माझ्याकडे पाहून "दोर" एवढेच म्हणाली.

स्कूटर तिने चालवली. मी दोर घेऊन मागे बसलो. तिठ्यावर तिने मान वळवून पाटी वाचली. गाडी थांबवली नाही.

गुहेच्या फाटकाशी पाणी गुडघ्यापर्यंत होते व वाढत होते. मला पोहता येत नाही, पत्नीस येते. तिने दोराचे एक टोक कमरेस बांधले, दुसरे फाटकाच्या खांबाला वेढा देऊन माझ्या हाती दिले आणि म्हणाली, "हिसका बसला की ओढा. भाषण करू नका." नंतर ती आत गेली.

या काळात मी काय केले असे विचारल्यावरून सांगतो की, दोर धरला.

आजी दगडावरून उतरून माझ्या शेजारी पाण्यात उभ्या राहिल्या, त्याच गुडघ्यांनिशी. त्यांनी विचारले, "आत उंच जागा आहे ना हो?" मी "आहे" असे सांगितले. त्या गुहेचे साद्यंत विवरण मी वर्षानुवर्षे पर्यटकांस देत आलो आहे. आत उंच जागा आहे की नाही, हे मला त्या क्षणी आठवत नव्हते.

मध्यंतरी दोर सैल पडला. तो किती वेळ सैल होता, असे मला विचारण्यात आले. सांगता येत नाही. हा प्रश्न पुन्हा विचारू नये, ही विनंती.

नंतर हिसका बसला व मी ओढले. आधी पत्नी आली. मुलगी तिच्या पाठीवर होती, तिचे केस दोन्ही मुठींत धरून. मागून गृहस्थ एका हाताने दोर पकडून आले, त्यांचा दुसरा हात लोंबत होता. मुलीचे ओठ निळे पडले होते. पत्नीने तिला पालथे घेऊन पाठीवर थापट्या मारल्या, पाणी निघाले, आणि मुलगी रडली. ते रडणे आम्ही सर्वांनी ऐकून घेतले. मी त्यांच्याच मोटारीतून सर्वांना रुग्णालयात नेले. गृहस्थांच्या हाताचे हाड मोडले आहे. मुलीचा धोका टळला, असे डॉक्टरांनी आज सकाळी सांगितले. गृहस्थांनी आमच्याविरुद्ध तक्रार दिली आहे. ती योग्य आहे.

आज ठाण्याच्या पायरीवर पत्नी मला म्हणाली, "तुम्ही आत गप्प बसा. तुम्ही बोलायला लागलात की साध्या दंडाची जन्मठेप होते." मी गप्प बसलो व ती आधी आत गेली. आता साहेब मला सांगतात की पाटी उलटायला आपणच विसरलो, असा जबाब तिने दिला आहे.

हा जबाब टिकत नाही. तिने पाटी उलटलीच नसती, तर मागून येताना मला 'गुहा आज बंद' असे दिसले असते व मी दूध घेऊन सरळ घरी गेलो असतो. मला 'गुहेकडे' दिसले. यावरून तिने आपले काम चोख केले होते, हे सिद्ध होते. बावीस वर्षांच्या संसारात ती एकदाही माझ्या बाजूने बोललेली नाही. यापरते सत्यनिष्ठेचे प्रमाण नाही. प्रस्तुतचे असत्य हे तिचे पहिलेच असून सरावाच्या अभावी ढिसाळ उतरले आहे. सबब ते ग्राह्य धरू नये.

साहेब म्हणाले, "पाटी एक आणि गुन्हेगार दोन? दोघांपैकी एकाने तरी निर्दोष व्हा हो, मला कागद पुढे पाठवायचेत."

पत्नीस निर्दोष लिहावे. पाटी शेवटी मी उलटली.

हा मजकूर हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. दोन समासांपाशी ते अडले, ते मी फोडून दिले. बाकी सारे मी बोललो तसेच उतरले आहे आणि सत्य आहे.

सहीपूर्वी एक नोंद व्हावी. अतिथिगृहाच्या चाव्या पत्नीच्या कमरेला आहेत, आणि पत्नी शेजारच्या खोलीत आहे. नवे पाहुणे सामानसुमानासह आमच्या ओसरीत उभे असून त्यांचे फोन येत आहेत. चाव्या घेण्यापुरते आत सोडावे, अशी विनंती केली असता, चौकशी संपेतो नवराबायकोने बोलायचे नाही, असे उत्तर मिळाले. मी बोलणार नाही, दारातून फक्त हात पुढे करीन, असेही सांगून पाहिले. हवालदारसाहेब "बघू" म्हणाले. अजून बघत आहेत.