आठ डेसिलिटरचा गडवा

डेसिलिटर शाळेनंतर कधी कोणाला लागला का? मला वडनेरला परतल्यावर लागला.

शेजारच्या सुमनकाकूंची मोना लग्न होऊन स्वीडनला गेली. पाटवडी करो की कढी, पाणी किती टाकू म्हणून तिचा रोज फोन. काकूंचं उत्तर ठरलेलं, "गडवाभर." तिकडचं माप डेसिलिटरचं, इकडे हा पितळी तांब्या. दोघी त्यावरच तासभर हसायच्या.

मी बेंगळुरूहून आलो तेच मुळी गावातली माणसं स्वावलंबी करायची म्हणून. गडवा मापला, आठशे मिलिलिटर भरला. मोनाला फोनवर सांगितलं, "शंभर मिलिलिटरचा एक डेसिलिटर. म्हणजे गडवा झाला आठ डेसिलिटर. आता कोणाले विचारू नको."

"सुटले रे दादा," ती म्हणाली.

बऱ्याच दिवसांनी काकू अंगणात आल्या.

"काऊन काकू, पाटवडी जमली नाई काय तिले?"

"जमली ना. फोटो पाठवला. फोनच नाई करून राह्यली. बापू, तुह्या हिशेबात कुठं चुकी त नाई ना? पाह्य बरं एकडाव. अन् सापडली, त तिले म्हणजो, आईलेच विचार."