तीन वाट्यांतल्या गोळ्या

दिनांक १६ मार्च २०१९

नाव: ब्लाझेना कुचेरोवा. वय: ६४ वर्षे. धंदा: निवृत्त (शाळेच्या स्वयंपाकघरात मुख्य आचारी). राहणार: होर्नी लुकी, चर्चमागची आळी, मोराविया.

मी आज पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, कोणाच्याही दडपणाविना सांगते की,

वरील पत्त्यावर मी पती अलोइस कुचेरा, वय ६७, यांच्यासह राहते. मुलगी ब्रनोला असते. पती रेल्वेच्या कारखान्यात लेथवर होते. पिस्तूल नेमबाजीच्या स्पर्धांत ते गेली तीस वर्षे भाग घेतात. पिस्तुलाचा परवाना आहे. झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरून ते काडतुसे घरीच तयार करतात. त्यासाठीचे हातयंत्र तळघरात आहे. त्याचीही परवानगी आहे.

हे काम ते आणि माझा धाकटा भाऊ व्रातिस्लाव झेमानेक (घरी त्याला व्राट्या म्हणत) मिळून करीत. पुंगळ्या किंवा त्यांत भरायच्या बंदुकीच्या दारूवरून दोघांचे कधी वाजले नाही. वाजायचे ते गोळीवरून, म्हणजे काडतुसाच्या टोकाला जी बसवतात तिच्यावरून. भाऊ तांब्याचे आवरण असलेली हलकी गोळी वापरीत असे. पती जड शिशाची, वर लाल लेप दिलेली. जड गोळी हाताला हिसका देत नाही, नुसती ढकलते, असे त्यांचे म्हणणे. दर हिवाळ्यात नमुने मागवून दोघे तळघरात तोलत बसत. भाऊ म्हणायचा, "तुझी गोळी निशाणाच्या कागदापर्यंत पोचेस्तोवर माझं जेवण होतं." पती म्हणायचे, "पोचते तरी. तुझी कुठं जाते देव जाणे." मी वरून सूप गार होतंय म्हणून हाका मारायची.

भाऊ गेल्या नोव्हेंबरात वारला. लाकडे फोडताना खाली बसला तो उठला नाही. त्या वेळी पती त्याच्याजवळ होते.

त्यानंतर पती तळघरात गेले नाहीत. बोलणे कमी झाले. जेवत होते. पहाटे उठून स्वयंपाकघरात दिवा न लावता बसत. मुलीचा फोन आला की माझ्या हातात देत. डॉक्टरांकडे जाऊ म्हटले तर म्हणत, "मला कुठं काय दुखतंय." फेब्रुवारीत मी पिस्तुलाच्या लोखंडी कपाटाची किल्ली पिठाच्या डब्यामागे ठेवली. का ठेवली असे विचारल्यावरून सांगते की, मी आवराआवर करीत होते.

आज सकाळी मला जाग आली तेव्हा पती घरात नव्हते. त्यांचा फोन टेबलावर होता. कॉफीचा कप धुऊन पालथा घातलेला होता. ते कप कधी धूत नाहीत. मोटार दारातच होती. तळघरात दिवा चालू होता, कपाट उघडे होते, पिठाच्या डब्यामागची किल्ली त्यालाच लटकत होती व पिस्तूल त्यात नव्हते. मी बागेत पाहिले. नंतर कबरस्तानात भावाच्या कबरीपाशी जाऊन पाहिले. तिथून ठाण्याला फोन केला.

अधिकारी सेदलारोवाबाई व त्यांचे एक तरुण सहकारी घरी आले. पती शेवटचे काय बोलले, असे त्यांनी विचारले. रात्री "झोप आता" म्हणाले, तेवढेच. तरुण अधिकाऱ्यांनी, "त्यांनी काही लिहून वगैरे..." असे विचारायला घेतले, पण सेदलारोवाबाईंनी त्यांच्याकडे पाहिल्यावर ते थांबले.

सेदलारोवाबाई म्हणाल्या, "बाई, तळघर दाखवता?" मी आधी खाली गेले तेव्हा कपाटाशिवाय काही पाहिले नव्हते. आता यंत्राजवळ माझ्या मुरंब्याच्या तीन वाट्या दिसल्या. एकीत लाल लेपाच्या जड गोळ्या, दुसरीत तांब्याच्या हलक्या, तिसरीत साध्या ओतीव शिशाच्या, मधल्या वजनाच्या. तिन्ही वाट्यांतल्या थोड्या उचललेल्या होत्या. शेजारी टपालाची फाडलेली पाकिटे होती, याच आठवड्यातली. तोलायच्या काट्याच्या ताटलीत एक गोळी तशीच राहिली होती.

"हे काय आहे?" असे त्यांनी विचारले. मी सांगितले की हे नमुने आहेत. नवीन हंगामाआधी प्रत्येक प्रकारची थोडी काडतुसे भरायची, नेमबाजीच्या मैदानावर एकाच जागेवरून वेगवेगळ्या कागदांवर झाडायची, आणि कुठल्या गोळीची भोके जवळजवळ पडतात ते पाहायचे. मग वर्षभर तीच घ्यायची. साधे शिसे स्वस्त, पण धूर करते आणि नळी खराब करते. हे सांगता सांगता मी थांबले.

त्या म्हणाल्या, "तिन्हींतल्या नेल्यात?"

"तिन्हींतल्या. मूठमूठभर."

"मूठभर."

मी म्हणाले, "तसलं काही करायचं असतं तर एवढ्या कशाला लागतील?"

त्यांनी मला स्टुलावर बसवले आणि सहकाऱ्याला म्हणाल्या, "गाडी काढ. मैदान कुठंय ते बाई सांगतील."

मैदान जुन्या दगडखाणीत आहे. ते एप्रिलपर्यंत बंद असते म्हणून मला सुचले नव्हते. त्याची एक किल्ली पतींकडे असते. निघताना पाहिले तर छपरीतली सायकलही नव्हती.

आम्ही फाटकाशी पोचलो तेव्हा आतून एक आवाज आला. त्यानंतर काही नाही. सेदलारोवाबाईंनी माझा हात धरला. बऱ्याच वेळाने दुसरा आवाज आला. मग तिसरा. त्या वेळी मी काय बोलले ते मला आठवत नाही.

अधिकाऱ्यांनी लांबून हाक मारली. पतींनी पिस्तूल रिकामे करून टेबलावर ठेवले व हात वर केले. मला पाहून म्हणाले, "ब्लाझेना, तू पोलीस घेऊन आलीस?"

"फोन घरी ठेवलास."

"सायकलवरून पडून मागचा फुटला, तेव्हा किती बोललीस."

"कप का धुतलास?"

"घाण होता म्हणून."

तरुण अधिकारी हसले. मी पतींना बोलू नये ते बोलले, तेही त्यांच्यासमोर. ते शब्द लिहू नयेत अशी विनंती आहे.

पतींनी तिन्ही कागद दाखवले. लाल गोळीची भोके बशीएवढ्या जागेत पसरली होती. ओतीव शिशाची त्याहून वाईट. तांब्याच्या हलक्या गोळीची सगळी भोके एकात एक होती, अंगठ्याखाली झाकतील एवढी. पती म्हणाले, "व्राट्याचं बरोबर होतं. तीस वर्षं मी त्याला मूर्ख म्हणत आलो." मग ते बाकावर बसले. मीही बसले. अधिकारी गाडीपाशी जाऊन उभे राहिले व आम्हाला कोणी घाई केली नाही.

कुठली घेणार, असे मी पतींना विचारले. म्हणाले, "जडच. मनगट आता ऐकत नाही. तो असता तर अजून भांडलो असतो." एप्रिलच्या स्पर्धेत त्यांनी नाव दिले आहे, हे मला तेव्हा कळले. मला आधी का सांगितले नाही, असे विचारता म्हणाले, "जमेल की नाही ठाऊक नव्हतं. तळघराच्या पायऱ्याच उतरवत नव्हत्या."

सोमवारी डॉक्टरांकडे यायला ते तयार झाले आहेत. तोवर पिस्तूल ठाण्यात ठेवून घ्यावे, असे त्यांनीच सुचवले. मी नको म्हणाले नाही.

माझी कोणाविरुद्धही तक्रार नाही. सकाळची खबर मी मागे घेते. पती बाहेर बाकावर बसले असून त्यांना भूक लागली आहे, तरी मला लवकर जाऊ द्यावे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. एकच दुरुस्ती सांगितली: सकाळच्या खबरीच्या नोंदीत पतींच्या नावापुढे 'बेपत्ता' लिहिले आहे, ते खोडून 'बाहेर गेले होते' असे लिहावे. तसे लिहिलेले पाहून सही करीत आहे.

ब्लाझेना कुचेरोवा