आवाज बंद ठेवून पाहिलेली मॅच

(पाचोरा. रविवारची दुपार. देवचंदच्या घरातला टीव्ही चालू आहे, आवाज बंद. हॉकीची मॅच सुरू व्हायची आहे.)

नाना: मंग आज शेवटलं. आजनंतर मी येणार नही, मित्रा. आधीच सांगून ठेवतो.

संघमित्रा: जिंकलो तर शुक्रवारी पुढची मॅच आहे, नाना.

नाना: जिंकलो तरी नही. ही तापी तुफान आते ती टीम राहिली नही. तुझा बाप होता तोवर काय खेळत होते! वाघ होते बठ्ठे. देवचंद गेला आणि यांच्या स्टिकांची लाटणी झाली.

संघमित्रा: बाबा होते तोवर या सीझनच्या सहा मॅच झाल्या. तीन जिंकलो, दोन हरलो, एक बरोबरीत. त्यानंतर तीन झाल्या. दोन जिंकलो, एक हरलो. पाहायला गेलं तर आताचंच थोडं बरं आहे.

नाना: तू वाचनालयात काम करतेस, तुले आकडे समजतात. माले खेळ समजतो. भुसावळच्या रेल्वे टीमचा वीस वर्षं गोलकीपर होतो मी. काचबिंदूनं डोळे नेले, डोकं जागेवर शे. तेव्हा तुफानवाले हरायचे, तेसुद्धा ऐटीत. आते जिंकले तरी आयकाले कंटाळा येतो.

संघमित्रा: ऐकायला?

नाना: मंग? माले दिसतं का काही? आठ वर्षं देवचंद सांगायचा आणि मी पाहायचो.

संघमित्रा: सुरू झाली मॅच. सरका थोडे, उजव्या कानाकडे बसते.

नाना: बस. सांग.

संघमित्रा: बॉल आपल्याकडे आहे. पास दिला. परत पास. गेला.

नाना: कोठे गेला?

संघमित्रा: त्यांच्याकडे. चंबळ चॅलेंजर्सकडे.

नाना: पण कसा गेला?

संघमित्रा: एकाने घेतला.

नाना: एकानं घेतला! अगं, तुझ्यापेक्षा स्टेशनवरची घोषणा बरी. ती बाई निदान फलाट नंबर तरी सांगते.

संघमित्रा: टीव्हीचा आवाज लावू का? हिंदीत सांगतात. चांगलं सांगतात.

नाना: हात लावू नको त्याले. देवचंदनं कधी लावला नही. म्हणायचा, हे लोक खेळ कमी सांगतात आणि जाहिराती जास्त. तो स्वतः माझ्याच टीममध्ये हाफला, मधल्या फळीत खेळलेला. त्याले पुढचंबी दिसायचं, मागचंबी दिसायचं. तू सांग.

संघमित्रा: गोल झाला.

नाना: कोणाचा?

संघमित्रा: त्यांचा.

नाना: बघ! आणि हितेंद्र काय करत होता? दोंडाईचाचा पोऱ्या, आपल्या खान्देशाचा एकुलता एक गोलकीपर. त्यानं काय केलं?

संघमित्रा: उडी मारली. लागला नाही.

नाना: "उडी मारली. लागला नाही." बस झालं, माय. माझी काठी दे. जातो मी घरी.

संघमित्रा: पहिलाच क्वार्टर आहे, नाना.

नाना: चारही असेच जाणार. तुझा दोष नही. टीमच तशी झाली. तू का जीव काढतेस? धुळ्याहून दर रविवारी येतेस, संध्याकाळच्या एसटीनं परत जातेस. तुले हॉकीचं कधी वेड नव्हतं.

संघमित्रा: नव्हतं. अजूनही नाही.

नाना: मंग कशाले?

संघमित्रा: बाबा गेल्यावर घरात खूप माणसं येऊन गेली. सगळी हळू आवाजात बोलायची. आम्हीही तसंच बोलायला लागलो होतो. अकराव्या दिवशी तुम्ही काठी टेकत आलात आणि दारातूनच ओरडलात, "देवचंदच्या टीमची मॅच शे ना आज? टीव्ही कोणी बंद केला?" त्या दिवशी पहिल्यांदा या घरात कोणी मोठ्यानं बोललं.

नाना: माले वाटलं, तुम्हाले आठवण नसेल मॅचची.

संघमित्रा: नव्हतीच. तुम्ही यायचं थांबवलंत, तर बाबांचं नाव असं ओरडून घेणारं दुसरं कोणी नाही, नाना. मी येते ती त्यासाठी.

नाना: रडू नको.

संघमित्रा: रडत नाहीये. पेनल्टी कॉर्नर मिळालाय.

नाना: आपल्याले?

संघमित्रा: आपल्याला. गोल झाला.

नाना: गोल झाला? मंग सांग ना व! असं काय, बँकेत नंबर आल्यासारखं! कोणी मारला?

संघमित्रा: सुखवंतने. डाव्या बाजूला. खालून.

नाना: आणखी?

संघमित्रा: एवढंच दिसलं. एक-एक.

नाना: अरे, हाच सुखवंत! पहिल्या मॅचले यानं काय गोल मारला होता. मध्यरेषेवरून! बॉल असा सुटला, जशी न थांबणारी एक्सप्रेस पाचोऱ्यातून जाते. कोणी हात लावाले गेला नही. सरळ जाळ्यात. देवचंद सांगता सांगता उभा राहिला होता.

कलाबाई: घ्या, तुरीच्या शेंगा. गरम आहेत, मीठ जरा जास्त झालंय. कोणत्या मॅचचं चाललंय?

संघमित्रा: पहिल्या, आई. मध्यरेषेवरून गोल मारला होता म्हणे.

कलाबाई: मध्यरेषेवरून? कुठला! इथेच बसून लसूण सोलत होते मी. गोलापुढे चार पावलांवर ही एवढी गर्दी. सगळे एकमेकांच्या अंगावर. त्यात बॉल कोणाच्या तरी स्टिकला लागून आत घरंगळला. कोणाच्या, ते त्यांचं त्यांना कळलं नाही.

नाना: वहिनी, काय बोलता!

कलाबाई: पाहिलं ते सांगते, भाऊ.

नाना: मंग ती मॅच, सहा-एकनं हरलो ती? त्यात तर अंपायर त्यांच्या कप्तानचा साडू होता.

संघमित्रा: नाना, वाचनालयातल्या पेपरात वाचलं मी, त्या मॅचला एक अंपायर जपानी होता. दुसरी बाई होती.

नाना: जपानी?

कलाबाई: साडू आहे म्हणाले, तेव्हा मी ताट घेऊन स्वयंपाकघरात पळाले. हसू आवरेना.

नाना: आणि हितेंद्रनं दोन्ही हातांनी दोन बॉल अडवले, ते?

कलाबाई: बॉल एकच असतो ना, भाऊ?

नाना: ...एकच असतो.

कलाबाई: मग?

नाना: म्हणजे आठ वर्षं बठ्ठं खोटं?

कलाबाई: गोल किती झाले, कोण जिंकलं, ते खरं सांगायचे. त्यात कधी तुम्हाला फसवलं नाही. बाकीचं मी खोटं म्हणणार नाही. त्यांना तुफानवाले तसेच दिसायचे. शेजारी बसून मलाही वाटायचं, आपणच नीट पाहत नाही की काय.

संघमित्रा: नाना? रागावलात?

नाना: थांब व, माले विचार करू दे. गोलापुढं ती अर्धगोल डी आखलेली असते ना, तिच्या बाहेरून मारलेला गोल धरतच नहीत. नियमच शे तसा. वीस वर्षं त्या डीत उभा राहिलो मी. मध्यरेषेवरून गोल होईल कसा?

संघमित्रा: मग तेव्हाच का नाही विचारलंत?

नाना: माले वाटलं, नवीन नियम आला असेल!

कलाबाई: हळू हसा. शेंग घशात अडकेल.

नाना: साडू म्हणे! जपानी साडू! देवचंद, काय रे भो तू! आणि मी गावभर सांगितलं ना. चहाच्या टपरीवर तोताराम नाना सांगतो, अंपायर साडू होता. एकानंबी माले उलट विचारलं नही.

संघमित्रा: आई, तूसुद्धा इथेच बस आता. नाहीतर स्वयंपाकघरात जाऊन हसावं लागेल.

कलाबाई: किती दिवसांनी हसलीस ग तू.

संघमित्रा: दोन-एक झालं. त्यांचे दोन.

नाना: होऊ दे. माले एक सांग, मित्रा. ही टीम पहिल्यापासून अशीच?

संघमित्रा: अशीच. एका रविवारी पहिल्या नंबरच्या टीमला हरवतात, पुढच्या रविवारी शेवटच्या टीमकडून मार खातात. कालचा शहाणा आज वेड्यासारखा खेळतो. प्रशिक्षकाने तीनदा कप्तान बदलला, तरी तेच. सीझनभर.

नाना: आणि मी समजत होतो, देवचंद गेला म्हणून बिघडली.

संघमित्रा: नाही. सांगणारा बदलला.

नाना: पण माझी टीम तीच ना, त्याच्या तोंडातली. ती आते कोठून आणू?

संघमित्रा: मला खोटं सांगता येत नाही, नाना. येत असतं तर सांगितलं असतं.

नाना: खोटं कोण मागी राहिना? तू नुसता बॉल पाहतेस. बॉलले काय पाहायचं, तो कोणाचाच नसतो. माणूस पहा. आते बॉल कोठे शे?

संघमित्रा: त्यांच्या बाजूला. कोपऱ्यात.

नाना: मंग आपला हितेंद्र काय करी राहिना?

संघमित्रा: हितेंद्र? तो दिसत नाहीये... थांबा, दिसला. एकटा आहे. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत फेऱ्या मारतोय. हेल्मेट कपाळावर सरकवलंय. काहीतरी बोलतोय, नाना. जवळ कोणीच नाही आणि बोलतोय.

नाना: बोलणारच! बॉल लांब असला की गोलकीपरले भीती वाटते. जवळ असला की वेळच नही भ्यायला. मी पाढे म्हणायचो. एकोणतीसचा. देवचंद मैदानातून ओरडायचा, "तोताराम, चुकला!" पुढे सांग.

संघमित्रा: तो सात नंबरचा, बारीक पोरगा, त्याच्या मोज्याचा गोळा झालाय घोट्याशी. वर ओढायला वाकला आणि नेमका बॉल त्याच्याकडेच आला. मोजा सोडून पळतोय. एकाला चुकवलं. दुसरा आडवा आलाय, त्याच्या स्टिकवरून बॉल उचलून पलीकडे टाकला. अजून पळतोय. एक मोजा खाली, एक वर. आणि सुखवंत मागून ओरडतोय, हात असा वर केलाय—

नाना: दे ना मंग त्याले!

संघमित्रा: देत नाहीये! स्वतःच मारणार बहुतेक. गोलकीपर पुढे आला, पडला, पाय पसरले. मारला! त्याच्या अंगावरून! गोल! नाना, गोल!

नाना: गोल व्हयना! एका मोज्यावर गोल!

कलाबाई: अगं, शेंगांवर उभी राहिलीस! वाटी उलटी केलीस सगळी.

संघमित्रा: असू दे, आई. दोन-दोन. त्याला सगळ्यांनी खाली पाडलंय. उठायला देत नाहीत. हितेंद्र तिकडे एकटाच नाचतोय, एवढं जड सामान अंगावर घालून.

नाना: माझ्याकडेबी कोणी यायचं नही एवढ्या लांब. एकटंच नाचावं लागतं. मित्रा, शुक्रवारी किती वाजता शे मॅच?

संघमित्रा: जिंकलो तर.

नाना: जिंकलो तर किती वाजता?

संघमित्रा: तीनला.

नाना: मंग अडीचले येतो. वहिनी, शेंगाले मीठ एवढंच राहू द्या.

कलाबाई: शुक्रवारी मित्राला रजा कुठली?

संघमित्रा: काढेन. नाना, ऐका, किती मिनिटं राहिलीत सांगू?

नाना: नही. देवचंद वेळ सांगायचा नही. माणूस सांग.

संघमित्रा: माणसं थकलीत. एकजण गुडघ्यांवर हात ठेवून उभा आहे. त्यांच्या कप्तानाच्या हनुवटीवरून घाम गळतोय, पुसत नाही. आपल्या लोकांना माहीत आहे, बरोबरी चालणार नाही, जिंकलंच पाहिजे. सगळे पुढे गेलेत. मागे फक्त हितेंद्र.

नाना: आणि पाढे.

संघमित्रा: ओठ हलताहेत. सात नंबरवाला आत घुसला, त्याच्या पायात स्टिक आली, पडला. अंपायरने हात केला. कॉर्नर! पेनल्टी कॉर्नर, नाना! आणि वेळ संपली. हूटर झाला वाटतं, सगळे थांबलेत.

नाना: संपू दे. कॉर्नर पुरा झाल्याशिवाय मॅच संपत नही. हा नियम तरी पक्का माहीत शे. आपली किती माणसं?

संघमित्रा: डीच्या भोवती सगळी. त्यांचे पाच जण गोलात, तोंडावर मुखवटे चढवताहेत. सुखवंतने हाताचे तळवे पँटला पुसले. एकदा. दोनदा. आता स्टिक धरली. मान खाली. मैदानात कोणी हलत नाहीये, नाना. आईने माझा हात धरलाय.

नाना: माझाबी धर.

संघमित्रा: धरला. बॉल आत आला. थांबवला. सुखवंत वाकला, ओढला, सोडला— खांब! खांबाला लागला, नाना!

नाना: आत का बाहेर?

संघमित्रा: बाहेर. बाहेर उडाला. संपली मॅच. दोन-दोन.

नाना: म्हणजे शुक्रवार नही.

संघमित्रा: नाही. सीझन संपला.

नाना: परत कधी?

संघमित्रा: डिसेंबरात.

नाना: लांब शे.

कलाबाई: खांबाला कुठे लागला ग? चांगला हातभर लांबून गेला. हे बघ, परत दाखवताहेत.

नाना: वहिनी, तुम्ही शेंगा गोळा करा. मित्रा, तू सांग. खांबाले कोठे लागला?

संघमित्रा: वर, नाना. अगदी कोपऱ्यात. खांब अजून हलतोय.