मजकूर नंतर लावू

मुलगी : काका, ती पेटी आधी खाली ठेवा बघू! तुम्ही आवरायला घेतलंत की ते जिंकले.

चावीवाला : ते जिंकलेच आहेत, पोरी. नोटीस वाचलीस ना? उद्या दहाला नगरपालिकेची गाडी. तोवर हललो नाही तर मशीनसुद्धा उचलून नेतील.

मुलगी : 'परिसरातील एकशे बारा नागरिकांच्या लेखी मागणीवरून कोपऱ्यावरील अडथळा हटवण्यात येत आहे.' अडथळा म्हणे! फळीएवढी जागा, त्यात तुम्ही निम्मे!

चावीवाला : आणि मागणी करणाऱ्यांत पहिली सही माझी. मला हटवा म्हणून मीच सर्वांत पुढे.

मुलगी : पण त्या सह्या रस्त्यावरच्या दिव्यांसाठी होत्या! नगरसेवकांचा तो गॉगलवाला म्हणाला, 'तू नुसत्या सह्या गोळा कर, मजकूर आम्ही नंतर वर लावू. शाळेतल्या मुलीला कोण नाही म्हणतंय?' आणि मी बावळट, पट्टी घेऊन लाल रेघा आखत बसले! आठवडाभर जमिनीवर पाय नव्हते माझे. वर्गात तर भाषणच ठोकलं, नागरिकांनी जागं व्हावं वगैरे.

चावीवाला : वर मजकूर नसलेल्या कागदावर सही करू नये, एवढं मलाही कळतं गं. पण तू पॅड छातीशी धरून अशी उभी होतीस, म्हटलं, कशाला पोरीचा हिरमोड करा.

मुलगी : शाळा सुटल्यापासून दारोदार फिरतेय. सही दिव्यांसाठी केली होती, एवढंच लिहून द्यायचंय लोकांनी. एक ओळ!

चावीवाला : दिली किती जणांनी?

मुलगी : दोघांनी. किराणावाले म्हणाले, अभ्यास कर. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'वाईट झालं गं, पण तिथे आता गाडी तरी लावता येईल.' आणि शिवणक्लासच्या काकू! 'मागच्या सहीचं काय झालं ते पाहिलं. आता तुझ्या कुठल्याच कागदाला हात लावायचा नाही मला.'

चावीवाला : बाई हुशार आहे.

मुलगी : हसू नका हो! बरं, मागच्या गल्लीत बसलात तर? आमच्या जिन्याखाली? मी आईला पटवते.

चावीवाला : जिन्याखाली बसून चाव्या करणाऱ्याला लोक काय म्हणतील? हे काम उघड्यावरच करावं लागतं, चारचौघांना दिसेल असं. बावीस वर्षं एका जागी दिसतोय, म्हणून माणसं घराची चावी हातात देतात आणि निर्धास्त भाजी आणायला जातात. नव्या कोपऱ्यावर मी कोण? जे चोराला येतं तेच येणारा एक माणूस.

मुलगी : थांबा... बाबा! बाबाऽ, इकडे या ना!

(वडील सायकल हातात धरून येतात.)

वडील : ओरडतेस काय रस्त्यात? घरी चल.

मुलगी : बाबा, नगरपालिकेत आवक खिडकीवर तुम्हीच असता ना? आलेला प्रत्येक अर्ज तुमच्या हातून आत जातो. मग हा अर्ज कसा होता ते सांगा की!

वडील : तीन आठवड्यांपूर्वी आला. तीन पानं होती. वरचं नवं, टाईप केलेलं. खालची दोन जुनी, चुरगळलेली.

मुलगी : लाल रेघांची?

वडील : लाल रेघांची. नावं तुझ्या अक्षरात.

मुलगी : म्हणजे तुम्ही ओळखलीत?

वडील : ओळखली.

मुलगी : मग?

वडील : शिक्का मारला.

मुलगी : बाबा!

वडील : माझं काम शिक्का मारायचं आहे. वाचायचं नाही. मार्चमध्ये कंत्राट संपतंय, कुणाला ठेवायचं ती यादी नगरसेवकांच्या टेबलावरून जाते. तुझी फी, आईची औषधं... तुला काय सांगायचं.

मुलगी : निदान मला सांगायचं! तीन आठवडे होते! आपण तक्रार केली असती, पेपरवाल्यांकडे गेलो असतो...

वडील : म्हणूनच नाही सांगितलं.

मुलगी : आता तरी द्या लिहून. वरचं पान नंतर लावलंय म्हणून. बाबा, तुमची एक सही हवी, एकशे बाराही नकोत!

चावीवाला : पुरे गं. बापावर असं रस्त्यात ओरडू नये.

मुलगी : तुम्ही त्यांची बाजू घेताय? तुम्ही?

चावीवाला : बाजू कसली घ्यायची. पण भाऊ, एक विचारू? हल्ली तुम्ही ऑफिसला जाताना पलीकडच्या फुटपाथवरून जाता. आधी रोज इथे दोन मिनिटं टेकायचात.

वडील : ...हो.

चावीवाला : तीन आठवडे झाले. मला वाटत होतं, माझंच काही चुकलं.