पाण्याखालचा आंबा

(दसरा, सन २००३. आंबेगाव तालुक्यातल्या धरणाच्या पाण्यात एक नाव. वल्हं गेणभाऊच्या हातात. समोर सारजाबाई आणि पुण्याहून आलेली तिची नात अश्विनी.)

सारजाबाई : अगं पन बंगळूरला जाऊन शिकनार काय, ते तर सांग! तुजा बाप मला म्हनला, ‘आये, तू हो म्हन, मग पाठवतो.’ कशाला हो म्हनायचं, ते कळाय नको?

अश्विनी : आपल्याला लांबी, रुंदी आणि उंची दिसते ना आजी, त्यापलीकडे या विश्वात आणखी एखादी दिशा आहे का, ते शोधायचं.

गेणभाऊ : दिशा दहा हाईत की! भवतीच्या आठ, एक वर, एक खाली. पुन्याच्या कालिजात कमी पडल्या व्हय?

अश्विनी : बाबा, त्या दहाही या तिन्हींतच बसतात.

सारजाबाई : गेणभाऊ, तुमी वल्हं मारा. देऊळ कुठशिक आलं?

गेणभाऊ : ह्ये काय, आलंच. ती वाळकी टोकं दिसत्यात न्हवं पान्याबाहेर? तुमचाच आंबा, वैनी. त्याच्या अंगाला, पान्याखाली भैरोबा. टाका आपट्याची पानं.

सारजाबाई : सोनं घे रं देवा. आमी वर ऱ्हायाला गेलो, तू ऱ्हायलास खाली.

अश्विनी : आजी, तो किडा बघ, पाण्यावर पळतोय तो. समज, त्याला पाण्याचं वरचं अंगच ठाऊक आहे. खाली काही असतं हेच माहीत नाही. त्याला ही टोकं कशी वाटतील?

सारजाबाई : वायली वायली. ह्ये हितं एक, त्ये तितं एक.

गेणभाऊ : अरारा! खालच्या फांदीला घासली जनू नाव. धरून बसा.

सारजाबाई : अगं बया, समदी टोकं संगंच हालली की!

अश्विनी : किडा बुचकळ्यात पडेल बघ. यांचा एकमेकांशी संबंध काय? ज्याला खालची दिशा कळली, त्यालाच कळणार, झाड एकच आहे.

सारजाबाई : म्हंजी आपुनबी त्या किड्यावानीच?

अश्विनी : असूही शकतं.

सारजाबाई : लगीन होऊन आले तवा गुडघ्याएवढा व्हता ह्यो आंबा. मीच पानी घालून वाढिवला. शेंडा कंदी जवळून बघाय घावला न्हाई. आन आज बघ, शेंड्यापाशी बसलेय... कसं गं सुचतं तुला ह्ये?

गेणभाऊ : लई हुशार पोरगी, वैनी. आमी रोज ह्या टोकांपासून नाव चुकवतो, पन असा इचार कंदी आला न्हाई. बरं, ती दिशा घावली का कुनाला?

अश्विनी : नाही.

सारजाबाई : तुज्या सरांना तरी?

अश्विनी : कुणालाच नाही. गणितात येते. प्रयोगाच्या यंत्रात अजून कुठंच दिसलेली नाही.

गेणभाऊ : मग तुला घावंल.

अश्विनी : सांगता येत नाही. जन्मभर शोधावं आणि तशी दिशा नाहीच असं निघावं, असंही होईल.

गेणभाऊ : अगं येडे, आजीचा व्हकार पायजे न्हवं? घावंल म्हनायचं ठोकून! कोन येतंय बघाय?

अश्विनी : खोटं कसं सांगू, बाबा? आजी, तू हो म्हणालीस, तर हे ठाऊक असून म्हण. आणि नाही म्हणालीस तर... मी ऐकेन.

सारजाबाई : (वाकून आंब्याच्या एका टोकाला हात लावते.)

गेणभाऊ : वैनी, बोला की. पोरीचं तोंड बघा केवढंसं झालंय.

सारजाबाई : धरनापायी गाव सोडायच्या टायमाला लई सरकारी मान्सं आली व्हती, गेणभाऊ. आठवतं? कोन जमीन देतो म्हनायचं, कोन नोकरी. समद्यांना समदं ठाव व्हतं.

गेणभाऊ : व्हय.

सारजाबाई : ‘मला ठाव न्हाई’ म्हननारं एकबी मानूस न्हवतं त्यात.

गेणभाऊ : न्हवतं खरं.

सारजाबाई : फिरवा नाव. उन्हं कलली.

अश्विनी : आजी, मग माझ्या अप्पांना काय सांगणार?

सारजाबाई : सांगायचं काय त्यात? त्यालाच इचारनार हाय, बंगळूरला थंडी कितपत असती. पोरीला शाल घ्यावी लागंल.